घराचं टायटल तपासणारा माणूस कुणाचा?



कवीला रेडिओवर बोलावतात ते बहुधा पावसावर नाहीतर आईवर बोलायला. आज मी बोलणार आहे घराच्या कागदांवर. मी नागोठण्याचा. बी.ए. झालो आहे, मराठीत कविता लिहितो, आणि जमिनीच्या कागदातले निम्मे शब्द आमच्या मोहल्ल्यातले आहेत असा गावाचा समज आहे. दस्त, हक्क, वारस, कब्जा, मुखत्यार, हिबा, वक्फ. हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि कधीच मराठी होऊन गेले. पण त्या समजामुळे माझ्याकडे कविता घेऊन येणाऱ्यांपेक्षा जुने कागद घेऊन येणारे लोक जास्त. मी वकील नाही. मी शब्दांचा अर्थ सांगतो आणि वकिलाकडे जा म्हणतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या वकिलाकडे जाऊ?" आज त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

आमच्या भागात हा प्रश्न वाढत चालला आहे. आयपीसीएलचा कारखाना आला तेव्हा पहिल्यांदा जमिनीला भाव म्हणजे काय ते लोकांना कळलं. तो कारखाना आता रिलायन्सचा आहे. पुढे महामार्गाचं चौपदरीकरण निघालं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई पेणच्या आणखी जवळ आली. वडखळपासून कोलाडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती आणि प्लॉटचे फलक दिसू लागले. घेणारे कोण? कुणी कारखान्यातून निवृत्त झालेला, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात असलेला. कुणी कुवेतला किंवा दोह्याला वीस वर्षं काढून परतलेला. कुणी मुंबईतली खोली विकून गावाकडे निघालेला. यांच्यापैकी कुणाकडेही दुसऱ्यांदा घर घेण्याइतके पैसे नसतात. म्हणून पहिल्याच वेळी नीट बघायला हवं.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याने तिकडे घर घेतलं तेव्हा फोनवर म्हणाला, "मामू, इथे टायटल इन्शुरन्सचा एजंट निवडायचाय. चार जणांकडे चौकशी करतोय." मला नवल वाटलं. आपण आयुष्याचा विमा काढतो, मोटारसायकलचा काढतो. मालकीहक्काचा विमा म्हणजे काय? त्याने समजावून सांगितलं. एकदाच हप्ता भरायचा. साधारणपणे विमा उद्या काय होईल त्याचा असतो. हा विमा काल काय होऊन गेलं त्याचा असतो. म्हणजे मागच्या एखाद्या मालकाने सही खोटी केली असेल, एखादा वारस वगळला गेला असेल, एखादं जुनं कर्ज राहून गेलं असेल आणि ते नंतर उघडकीला आलं, तर विमा कंपनी कोर्टात लढते आणि नुकसान भरून देते. एक पॉलिसी कर्ज देणाऱ्या बँकेची असते, घरमालकाची वेगळी.

या धंद्याची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनियात १८६८ साली एक खटला निकाली निघाला. घेणाऱ्याने कागद तपासणाऱ्यावर भरवसा ठेवला होता. तपासणाऱ्याला जमिनीवरच्या एका बोजाची माहिती होती, पण वकिलाने तो बोजा लागू नाही असं मत दिलं, आणि त्याने ते मान्य केलं. मत चुकीचं निघालं आणि घेणाऱ्याचे पैसे बुडाले. न्यायालय म्हणालं, त्याने वकिलाच्या मतावर विसंबून काम केलं, त्यामुळे तो जबाबदार नाही. यानंतर लोकांच्या लक्षात आलं की मत वेगळं आणि हमी वेगळी. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात पहिली टायटल विमा कंपनी निघाली. तिथे १९७४ च्या एका कायद्याने असंही ठरवलं की बँकेच्या कर्जावर घेतलेल्या घरांच्या बाबतीत विकणाऱ्याने "अमुकच कंपनीकडून विमा घ्या" अशी अट घालायची नाही, आणि गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल एकमेकांना कमिशनही द्यायचं नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये बिल्डरने जमिनीच्या टायटलचा विमा काढावा अशी तरतूद आहे. ती राज्य सरकार अधिसूचना काढेल त्याप्रमाणे लागू होते. आमच्या पट्ट्यात घर घेतलेल्या एकाही माणसाच्या हातात अशी पॉलिसी मी पाहिलेली नाही. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये मात्र एक चांगली गोष्ट आहे. जमिनीचं टायटल सदोष निघालं तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीचा अडसर नाही. पण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेराची नोंदणीच लागत नाही. आमच्याकडच्या कितीतरी इमारती याच मापाच्या आहेत. तिथे महारेराच्या संकेतस्थळावर बघायला गेलात तर काहीही सापडणार नाही.

लोक म्हणतात, "अहो, रजिस्टर दस्त आहे की!" दस्त नोंदला गेला म्हणजे दस्त झाला एवढंच सिद्ध होतं. विकणारा खरोखर मालक होता का, हे बघणं दुय्यम निबंधकाचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट सांगितलं. "सातबाऱ्यावर नाव आहे की!" असंही म्हणतात. सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावरची नोंद खरी धरली जाते, पण उलट काही सिद्ध होईपर्यंतच. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ साली अशी पद्धत आणली की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तशी हमी नाही. मराठीत टायटल म्हणजे शीर्षक. कवितेचं शीर्षक कवी देतो. जमिनीचं टायटल मात्र मागच्या प्रत्येक मालकापासून एकेक कडी जोडत आणावं लागतं.

म्हणजे विमा नाही, सरकारची हमी नाही. मग राहतो तो सर्च घेणारा वकील. भाच्याने एजंट निवडला तसा आपल्याला हा माणूस निवडायचा आहे. आणि आपण तो निवडतच नाही, हे माझं म्हणणं आहे. आपल्याला तो दिला जातो. बिल्डर म्हणतो, "टायटल क्लिअर आहे, आमच्या वकिलांचा रिपोर्ट आहे." एजंट म्हणतो, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता, आमचे नेहमीचे वकील आहेत." बँक म्हणते, "आमच्या पॅनेलवरचे वकील बघतील." यातला बिल्डरचा वकील बिल्डरचा आहे. एजंटचा वकील पुढच्या महिन्यात त्याच एजंटकडून दुसरं काम घेणार आहे. बँकेच्या वकिलाची फी बहुधा तुमच्याच खिशातून जाते, पण अहवाल जातो बँकेला, आणि तो बघतो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते. तुमच्या मुलांना वीस वर्षांनी नोटीस येईल का, हा त्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत जे कायद्याने करावं लागलं ते आपण आपल्यापुरतं करू शकतो. विकणाऱ्याने सुचवलेला माणूस घ्यायचा नाही. आपला शोधायचा, फी आपण द्यायची, पावती घ्यायची.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. गाव आणि नावं सोडून देतो. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी सहा बिऱ्हाडांच्या एका इमारतीत फ्लॅट घेतला. वकील एजंटने दिला. जमीन दोन भावांनी बिल्डरला विकलेली, सातबाऱ्यावर दोघांचीच नावं, दस्त नोंदलेला. दोन वर्षांनी तीन बहिणींची नोटीस आली. बाप वारला तेव्हा वारस म्हणून दोघा मुलांचीच नावं लागली होती. आई आणि तिन्ही मुली राहून गेल्या होत्या.

कुटुंब मुसलमान होतं, म्हणून हिशेब सांगतो. आमच्या शरियतच्या कायद्यात मुलंबाळं असताना विधवेला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन मुलगे आणि तीन मुली म्हणजे सात वाटे. आठ आण्यांची जमीन धरली तर आईचा एक आणा, तिघी मुलींचा प्रत्येकी एक आणा आणि दोघा मुलांचे प्रत्येकी दोन आणे. भावांच्या नावावर खरे किती? आठातले चार. त्यांनी विकले आठ. सहा बिऱ्हाडांनी अख्ख्या घराचे पैसे मोजले, आणि ज्या जमिनीवर घर उभं होतं तिचा निम्मा हक्क अशा चार बायकांचा होता ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी तडजोड झाली. आई तोवर वारली होती. बहिणींनी आपल्या वाट्याचं खरेदीखत करून दिलं आणि फ्लॅटवाल्यांनी पुन्हा वर्गणी काढून पैसे भरले. आमच्या ओळखीच्या गृहस्थांनी बायकोचे दागिने मोडले.

यात बहिणी लबाड होत्या असं कुणी म्हणू नये. त्या आपलं मागत होत्या. आमच्याकडे फुफू म्हणतात, तुमच्याकडे आत्या म्हणतात. सणाला तिला साडी द्यायची आणि कागदावरून नाव गाळायचं, ही रीत दोन्हीकडे आहे. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला, आणि तो वडील त्या दिवशी हयात असण्यावर अवलंबून नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही कागद बघताना कुणी विचारत नाही, "बहिणी किती?" म्हणून वकील निवडताना माझी पहिली कसोटी हीच. तो सातबारा हातात घेऊन थांबतो, की जुने फेरफार मागवतो? वारस नोंदीचा फेरफार वाचून वंशावळ लिहून घेतो का? ज्या बहिणींनी हक्क सोडला असं सांगतात त्यांचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागतो का? रोह्याचे एक बुजुर्ग वकील घेणाऱ्याला सांगायचे, "व्यवहाराआधी विकणाऱ्याच्या बहिणीच्या सासरी जाऊन चहा पिऊन या." लोक हसायचे. पण जे जाऊन आले ते पुढे कोर्टात गेले नाहीत.

दुसरी कसोटी, तो सर्च कुठे आणि कसा घेतो. आता बराचसा शोध संगणकावर होतो, पण जुन्या वर्षांसाठी नोंदणी कार्यालयातली पुस्तकंच उघडावी लागतात. नागोठणं आज रोहा तालुक्यात आहे. इंग्रजांच्या काळात ते पेण तालुक्यातला पेटा होतं. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. जुन्या कागदावर वेगळा तालुका आणि वेगळा जिल्हा दिसला की बाहेरून आलेला माणूस गोंधळतो, नाहीतर तिथेच शोध थांबवतो. शोध साधारण ३० वर्षांचा घेतात. त्याला कारण आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घ्यायची मुदत ३० वर्षं आहे, सरकारचा स्वतःच्या जमिनीवरचा दावाही ३० वर्षांचा. पण आमच्याकडे तेवढ्यावर भागत नाही. वकिलाला विचारा, कोणत्या कार्यालयात, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शोध घेतला? सर्चची पावती अहवालाला जोडलेली असली पाहिजे.

तीस वर्षांवर का भागत नाही, तर इथल्या जमिनीचा इतिहास. हा खोतीचा मुलूख. १९३३ साली अलिबागजवळच्या चरीला कुळांनी संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. पुढे खोती गेली, कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक झाला. त्या हक्काने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चं बंधन असतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ते बारीक अक्षरात लिहिलेलं दिसतं. ते नियमाप्रमाणे उठवल्याशिवाय व्यवहार झाला तर तो धोक्यात येतो. आमच्या डोंगराकडे कातकरी-ठाकरांच्या जमिनी आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. मशिदीची, दर्ग्याची, कब्रस्तानची वक्फ जमीन असते, देवस्थानची इनामं असतात. रस्त्यासाठी, वाहिन्यांसाठी संपादन झालेले पट्टे असतात. मुंबईचा मोठा वकील विद्वान असेल, पण भोगवटादार वर्ग दोन हा शब्द वाचून त्याचे कान टवकारले पाहिजेत. नाहीतर त्याच्याबरोबर तालुक्यातला एक जाणता वकील जोडून घ्या.

तिसरी कसोटी मोठी सोपी आहे. अहवालाचा शेवटचा परिच्छेद वाचा. वर लिहिलेलं असतं, "टायटल निर्वेध आणि विक्रीयोग्य आहे." खाली लिहिलेलं असतं, "मला दाखवलेल्या कागदांच्या आधारे" आणि "अमुक वर्षांची पुस्तकं फाटलेली असल्याने त्यास अधीन राहून." शब्दांशी माझा रोजचा संबंध, म्हणून सांगतो, या "अधीन राहून"मध्ये सगळं आहे. चांगला वकील तिथे काय तपासता आलं नाही ते नावानिशी लिहितो आणि त्यावर उपायही सुचवतो. ज्या अहवालात एकही अडचण लिहिलेली नाही तो दोनदा वाचावा. आणि वकिलाला खुशाल विचारा, "साहेब, तुम्ही कधी कुणाला हा व्यवहार करू नका असं सांगितलंत का?" जो कधीच नाही म्हणाला नाही, त्याच्या हो ला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

आमच्या गावाला आणखी एक सवय आहे. मूळ दस्त कुठे आहे विचारलं की उत्तर येतं, "पुरात गेला." अंबा नदीने १९८९ च्या जुलैत आणि २००५ च्या जुलैत काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुष्कळांचे कागद खरोखरच गेले. पण काहींचे कागद पुरात नाही, सावकाराकडे किंवा पतपेढीत गेलेले असतात. मूळ दस्त ठेवून घेऊन कर्ज देतात, म्हणून मूळ दस्त नसणं ही मोठी खूण आहे. अशा वेळी वकिलाने नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढली पाहिजे, पोलिसांत दिलेली हरवल्याची तक्रार मागितली पाहिजे, आणि गहाणाच्या नोंदी तपासल्या पाहिजेत. बँकांच्या गहाणांची केंद्रीय नोंद २०११ पासून सर्साईमध्ये होते, तीही बघता येते. कोर्टात दावा आहे का ते ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावावरून शोधता येतं. तसंच मुखत्यारपत्राचं. आमचे पुष्कळ लोक परदेशात. भाऊ किंवा मेहुणा त्यांच्या मुखत्यारपत्रावर सही करतो. देणारा माणूस वारला की ते मुखत्यारपत्र संपतं. सहीच्या आदल्या दिवशी मालकाशी व्हिडिओवर दोन शब्द बोलून घ्या, सलाम-दुआही होईल. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर "घर तुमचं झालं" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे.

शेवटी वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीबद्दल. आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात त्या. "सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे." आपण त्या कधी वाचत नाही. घेणाऱ्याच्या वकिलाने ही नोटीस दिलीच पाहिजे, आणि ती तालुक्यात जे वर्तमानपत्र वाचलं जातं त्यात दिली पाहिजे. कुणाला दिसू नये अशा बेताने दिलेल्या नोटिशीही मी पाहिल्या आहेत. हरकत आली नाही म्हणजे कुणाचा हक्क संपला असं नाही, पण तुम्ही विचारलं होतं याचा तो पुरावा असतो. आणि घेणारे नसलात तरी त्या नोटिशी वाचत जा. एखाद दिवशी तुमच्या आजोळचा गट नंबर दिसेल.

फीबद्दल एकच सांगतो. घराच्या किमतीपुढे, मुद्रांक शुल्कापुढे सर्चची फी थोडी असते, आणि लोक घासाघीस नेमकी तिथेच करतात. टाइल्सवर जेवढा खर्च करता, त्यातला थोडा इकडे करा. पण इसार देण्याआधी करा. बयाणा देऊन झाल्यावर वकिलाकडे गेलात तर त्याने नाही म्हटलेलं ऐकायची तुमची तयारी राहत नाही.

टायटल क्लिअर असणं म्हणजे आपले पैसे बुडणार नाहीत एवढंच आपण समजतो. त्याचा दुसरा अर्थही आहे. त्या जमिनीवर कुणा म्हातारीचा, कुणा बहिणीचा, कुणा कातकऱ्याचा हक्क दाबून आपण राहायला जात नाही आहोत. हे दोन्ही बघणारा वकील आपल्या रोहा-पेणकडेही आहेत, थोडी चौकशी केलीत तर मिळतात. घर घ्यायच्या बेतात असाल तर उद्या सकाळी फोन एजंटला करू नका. आधी शेजारी, नात्यात, गावात ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी घर घेतलं आणि ज्यांना अजून नोटीस आलेली नाही अशा चौघांना विचारा, तुमचा वकील कोण होता?